तीस व्होल्ट कुठे गेले

आमच्या प्रसूतिगृहाच्या वायरमनना सगळे भागाकार काका म्हणतात, अगदी तोंडावर. काहीही बिघडलं की ते आधी दोन आकडे मोजतात, कागदावर भागाकार मांडतात आणि मगच पेचकस उचलतात. चहात साखर कमी आहे असं ते म्हणत नाहीत, अर्धा चमचा कमी आहे म्हणतात. काकू सांगतात, "एकोणतीस वर्षं संसार केला, पण हा माणूस एकदाही अंदाजाने बोलला नाही." मी इथली सगळ्यात जुनी नर्स आणि जिभेने तिखट. मला त्यांचा भारी वैताग यायचा, खोटं कशाला बोलू.

त्या पहाटे माझ्या भाचीला दिवस भरायच्या आधीच मुलगी झाली. वजन जेमतेम दीड किलो. तिला वॉर्मरवर ठेवलं, म्हणजे वर हीटर असलेल्या पाळण्यात, पण अंग काही तापेना. नऊ वाजले तरी साडेपस्तीस अंशच, हवं निदान साडेछत्तीस. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दुपारपर्यंत बाळ गरम झालं नाही तर मोठ्या रुग्णालयात हलवावं लागेल. रस्ता दोन तासांचा, आणि एवढा जीव वाटेत आणखी गारठला तर? बाळाला आईच्या उघड्या छातीवर निजवलं, वरून पांघरूण घातलं आणि काकांना बोलावून घेतलं.

"हीटर गेलाय," मी म्हटलं. "जास्त ताकदीचा टाका, पटकन."

"आधी मोजू, सिस्टर."

"लेकरू गारठतंय आणि तुम्हाला गणितं सुचतायत?"

काकांनी वॉर्मर चालू करून मीटर लावला. दाब दोनशे व्होल्ट, प्रवाह अडीच अँपिअर. केसपेपरच्या पाठीवर दोनशेला अडीचने भागलं. ऐंशी.

"ऐंशी ओहम," ते म्हणाले. "याचा रोध इतकाच असायला हवा. हीटर ठणठणीत आहे."

"मग तापत का नाही?"

"दोनशे गुणिले अडीच, पाचशे वॅट. पाटीवर दोनशेतीस व्होल्टला साडेसहाशे लिहिलंय. दाब कमी झाला की प्रवाहही तेवढाच उतरतो, म्हणून मार दोन्हीकडून बसतो. तीसच व्होल्ट कमी, पण पाव भाग ऊब गेली."

वॉर्मरची लाइन स्वतंत्र आहे, जिन्याजवळच्या बोर्डावरून सरळ आलेली. काका तिकडे जाऊन मोजून आले. तिथे पुरे दोनशेतीस होते. परत येऊन त्यांनी तिसरा हिशेब मांडला, तीस गुणिले अडीच, आणि पेन्सिल तिथेच थांबली.

"पंच्याहत्तर वॅट," ते हळू बोलले. "बाळाची ऊब हरवलेली नाही, सिस्टर. या भिंतीत कुठेतरी निघतेय. तार जाड आहे, ती एवढी खाणार नाही. एखादा सांधा सैल झालाय. जुना पिवळा बल्ब आठवतो ना, हात लावला की चटका बसायचा? तेवढी आच, एका जागी."

त्यांनी वॉर्मर चालूच ठेवला आणि तळहात भिंतीला लावून ते बोर्डाच्या दिशेने सरकू लागले. मी मागोमाग होते. माझ्या लाकडी कपाटापाशी ते थांबले. दार उघडून त्यांनी मधल्या कप्प्यातलं दुपटं हातात घेतलं.

"हे गरम कसं?"

"ती माझी युक्ती," मी तोऱ्यात सांगितलं. "तीन आठवड्यांपूर्वी लक्षात आलं, हा कप्पा नेहमी उबदार असतो. तेव्हापासून बाळांची दुपटी इथेच ठेवते. सगळ्या नर्सना सांगितलंय."

बोलता बोलताच माझी नजर खालच्या कप्प्यावर गेली. तिथे कापसाचे गठ्ठे होते आणि स्पिरिटच्या चार बाटल्या. मी बाटल्या भराभर बाहेर काढायला लागले.

काकांनी धावत जाऊन बोर्डावरून लाइन बंद केली. कपाट आम्ही दोघांनी ओढलं. मागे भिंतीवर तारांचा सांधा असलेल्या डबीचं प्लॅस्टिक वितळून ओघळलं होतं, आत सगळं काळं, आणि कपाटाची पाठ कोळशासारखी झाली होती. मी ती फळी नुसती बघत राहिले. एवढी आच त्या माणसाने न बघता, न हुंगता, कागदावर गुणाकार करून शोधली होती. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

त्यांनी जळका भाग कापून नवी डबी बसवली आणि पुन्हा मोजलं. वॉर्मरपाशी दोनशे एकोणतीस व्होल्ट. बाळाला परत त्यात निजवलं. दुपारी बाळाचं अंग साडेछत्तीसवर आलं आणि डॉक्टरीणबाईंनी गाडीवाल्याला नको म्हणून कळवलं. भाची तेव्हा कुठे रडली.

बाळाच्या अंगाखाली अजून पहाटेचंच दुपटं होतं. ते मीच त्या कप्प्यातून काढलं होतं, गालाला लावून, छान ऊन आहे म्हणत. काका अवजारं आवरत होते. मी त्यांच्याजवळ जाऊन विचारलं, "काका, आग लागायला अजून किती वेळ होता?"

त्यांनी सवयीने पेन्सिल काढली, कोरा कागद घेतला. पेन्सिल कागदावर टेकवली आणि परत उचलली.

"ते मला नाही मोजता येणार, सिस्टर," म्हणाले आणि तिथेच जमिनीवर बसले. मी त्यांच्यासाठी चहा करायला गेले आणि साखर मोजून घातली.