म्हादूनं लावलेलं गाणं

चिमाजीला गाण्याचं वेड इतकं, की गडाच्या पायथ्याच्या पाली गावाच्या वरच्या अंगाला असलेल्या धनगरवाड्यात कुणाकडे नवं गाणं आलं की ते आधी त्याच्या कानावर घालायचं, अशी रीतच पडून गेली होती. त्याचा जोडीदार म्हादू. दोघं मिळून वाड्यातल्या सगळ्या घरांची शेरडं डोंगरावर न्यायचे. दुपारी कातळावर भाकरी सोडली की म्हादू विचारायचा, "सध्या काय ऐकतुयास?" मग दोघंही आपापला चिमुकला रेडिओ काढायचे. वेल्ह्याच्या बाजारातून कार्डात गाणी भरून आणलेली असायची. एकानं लावायचं, दुसऱ्यानं ऐकून मत द्यायचं, आणि मत पटलं नाही की भांडायचं. म्हादूला ढोल हवा, चिमाजीला बासरी. एवढ्यावरून एकदा दोघांनी बोलणं टाकलं होतं. गडावर चढणारी पुण्याची पोरं पिशवीत काहीतरी ठणाणा वाजवत गेली की मात्र दोघांचं एकमत व्हायचं.

हे सगळं गेल्या पावसाळ्यापर्यंतचं. आधी चिमाजीची बासरीच गेली. त्याला वाटलं, रेडिओ बिघडला. बाजारात जाऊन त्यानं दुकानदाराला चारचौघांत फैलावर घेतलं आणि दुसरा रेडिओ आणला. त्यातही बासरी नव्हती. मग पाखरं गेली. मग बायको सखूबाई, तिचा आवाज मुळातच बारीक. शेवटी शेरडांच्या गळ्यातल्या घंटा गेल्या. ढोल थोडाफार यायचा. म्हादूचा घोगरा आवाज समोरून आला तर कळायचा, बाकीचं तो ओठांवरून जमवायचा.

घंटा गेल्या तेव्हा चिमाजी भ्याला. डोंगरावर धुकं उतरलं की हातभर अंतरावरचं दिसत नाही; घंटेच्या मागं मागं जायचं, एवढंच हातात असतं. म्हणून वाड्याचा नियम होता: ज्याला घंटा ऐकू येईना, त्यानं आपण होऊन काठी खाली ठेवायची. त्यात कुणाला कमीपणा वाटत नसे. म्हातारी माणसं ठेवायची आणि सुखानं अंगणात बसायची.

पण चिमाजीच्या नशिबी अंगण नव्हतं. त्याचा मुलगा रोहिदास सारोळ्याला, नीरेच्या पुलाजवळ पंक्चरचं दुकान चालवायचा. "आबा, काठी सोडली की लगीच हिकडं या. तुमा दोगास्नी एकटं डोंगरात ठिवणार न्हाई मी," असं त्यानं केव्हाच सांगून ठेवलं होतं. पोरगा मायेनंच म्हणायचा, त्याचा काही दोष नाही. चिमाजी तिथं काही दिवस राहूनही आला होता. दुकानामागं एक खोली, पुढं हमरस्ता, आणि दिवसभर खाटेवर बसून ट्रक बघायचे. परत आल्यावर तो सखूबाईला म्हणाला होता, "तितं मी मरून जाईन." हे तो उगीच बोलत नव्हता.

सखूबाईला सगळं ठाऊक होतं. संसारात इतकी वर्षं काढल्यावर बायकोपासून काय लपतं! म्हादू संध्याकाळी घरी गाणी लावायचा, ती सगळ्या वाड्यात घुमायची. सखूबाई ऐकून घ्यायची आणि चुलीपुढं नवऱ्याला खुणेनं सांगायची. ढोल असेल तर मांडीवर थाप, बासरी असेल तर ओठांशी बोटं. दुसऱ्या दिवशी कातळावर चिमाजी तेच मत म्हणून ठोकून द्यायचा. दोन म्हातारी माणसं, आणि परीक्षेला बसलेल्या पोरांसारखी ही चोरटी तयारी! हसू येईल अशीच गोष्ट, पण रोज डोंगर चढताना चिमाजी त्या खुणा मनात घोकत जायचा.

अशात एक दिवस नूतनची तांबडी शेळी संध्याकाळी परत आली नाही. नूतन वाड्यातली नवी सून. शेळी तिनं माहेराहून आणलेली, त्यात गाभण. "बिबट्यानं नेली आसंल," चिमाजी म्हणाला. नूतन रडली. म्हादू चिमाजीकडे बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी कातळावर दोघांनी भाकरी सोडली. खाऊन झाल्यावर म्हादूनं रेडिओ काढला, तळहातावर धरला, वर अंगठा ठेवला. "ह्ये ऐक. नवं हाय."

रात्री सखूबाईनं ओठांशी बोटं नेली होती. चिमाजीनं डोळे मिटले, मान डोलावली, गुडघ्यावर ताल धरला. बेतानं वेळ जाऊ दिला आणि म्हणाला, "व्वा! बासरी लई गोड वाजवलीया. शेवटाला तर जीवच काढलाय."

डोळे उघडले तर म्हादू त्याच्याकडे एकटक बघत होता. त्यानं अंगठा काढला. रेडिओचा लाल दिवा लागलेलाच नव्हता.

"बॅटरी गेली आसंल आत्ताच," चिमाजी घाईघाईनं म्हणाला.

"म्या चालूच केला न्हवता," म्हादू म्हणाला.

चिमाजीनं त्याचे दोन्ही हात धरले. "तुज्या पाया पडतो, म्हादू. वाड्यात बोलू नगंस. रोहिदासला कळलं तर त्यो उद्या टेम्पो घिऊन यील. तितं मी जगणार न्हाई रं. घंटा तू ऐक, डोळं माजं चांगलं हाईत. मी म्होरं ऱ्हातो, तू मागं ऱ्हा. म्हनशील तसं करतो."

म्हादूनं त्याला बोलू दिलं. मग त्याच्या तोंडासमोर तोंड आणून एकेक शब्द सांगितला. "तांबडी बिबट्यानं न्हाई नेली. कड्याच्या फटीत अडाकली व्हती. वरडत व्हती. तू बरूबर तिच्या वर बसला व्हतास, चिमाजी. म्या वढ्यापल्याडनं बगत व्हतो. हाका मारून मारून गळा बसला माजा. येढा घालून येस्तवर ती खाली दरीत गेली."

चिमाजीचे हात सुटले. काल त्या जागी बसून त्यानं निवांत तंबाखू मळली होती.

"लई येळ वरडली?" त्यानं विचारलं.

म्हादूनं मान खाली घातली.

समोर शेरडं चरत होती. त्यातल्या एकीनं मान वर करून तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. चिमाजी तिच्याकडे बघत राहिला. मग त्यानं काठी उचलली आणि म्हादूच्या पायाशी ठेवली.

"रोहिदासला फोन लाव."

"आज ऱ्हाऊ दे. उद्या बगू," म्हादू म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते.

"आत्ता लाव."

म्हादूनं लावला आणि मोबाईल त्याच्यापुढं धरला. चिमाजीनं तो हातानं मागं सारला.

"तूच बोल. टेम्पो घिऊन ये म्हणावं. मला ऐकू येत न्हाई."