नाकातून घातलेली दोरी

योग म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे पद्मासन घालून बसलेला शांत माणूस येतो. माझ्या डोळ्यांपुढे वणीच्या एका जिनिंगमधली, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यातली मोरी येते आणि तिच्या काठाशी ओळीने बसून ओकणारी मोठमोठी माणसं.

साठ साल उजाडायच्या आधीचा पावसाळा होता. कापसाचा हंगाम संपलेला, जिनिंगची शेड रिकामी. मी तिथे यंत्रावर कापूस सोडायला होतो आणि कापसाच्या तुसाने माझी छाती अशी भरली होती की सायकल मारताना आत शिट्टी वाजायची. दिवाळीनंतर नव्या हंगामाला खोकत आलास तर फाटकातूनच परत पाठवीन, असं मुकादमाने साफ सांगितलं होतं. घरात कमावणारा मी एकटा. त्यामुळे गावात आलेल्या योगाच्या मास्तरांनी त्या शेडमध्ये सकाळचा वर्ग सुरू केला, तसा मी सतरंजी घेऊन हजर झालो.

मास्तरांची शिकवण सोपी होती. उपाशीपोटी या, पाठ ताठ ठेवून बसा, घेतला त्याहून सावकाश श्वास सोडा, अंगाला झेपेल तेवढंच वाका. सांधे मोकळे होतील, झोप लागेल, दम कमी लागेल. पण आमच्या लोकांना नुसतं बसायचा कंटाळा. मास्तरांनीच दाखवलेलं, मिठाचं कोमट पाणी ढोसून ओकणं मात्र त्यांना फार पटलं, कारण त्यात आतून काहीतरी निघालेलं दिसायचं. कापूस पारखणारे एक गृहस्थ होते, त्यांना सगळं जिनिंग काका म्हणायचं. ते प्रत्येकाचं ओकलेलं वाकून बघायचे. हंगामात गाडीतल्या कापसात कचरा किती ते सांगायचे, त्याच थाटात कोणाचा कफ पिवळा, कोणाचा पांढरा, ते जाहीर करायचे. जास्त घाण काढणाऱ्याची वाहवा व्हायची. मला शिसारी यायची.

माझं नुसतंच पाणी पडायचं. "तुह्या छातीत सारं बसून हाय," काका म्हणाले. "दोरी घातल्याबिगर निघत नाही."

मास्तरांनी सूत्रनेती दाखवली होती खरी. मेण लावलेली गुळगुळीत दोरी नाकातून घशात उतरवायची आणि तोंडातून बाहेर ओढायची. नवख्याने तिच्या वाटेला जाऊ नये, असंही बजावलं होतं. पण मास्तर परगावी गेले आणि काकांना धीर निघेना. एवढा कापूस पिकतो तिथे दोरी विकत कायले आणायची, म्हणत त्यांनी शेडच्या कोपऱ्यात उरलेली, सरकी काढलेली रुई उचलली आणि थुंकी लावून मांडीवर वळली. मला ती थुंकी दिसत होती. तरी नाक पुढे केलं, कारण दिवाळी जवळ येत होती.

दोरी अर्ध्यावर गेली, भिजली आणि सुटली. ज्या तुसाने छाती बिघडवली तोच आता घशात चिकटला. श्वास कोंडला. काकांनी तंबाखूने पिवळी झालेली दोन बोटं माझ्या तोंडात कोंबून शेंबडाने लडबडलेला बोळा उपसला. मी त्यांच्या पायांवर ओकलो. ते मात्र बोळा उजेडात धरून अंगठ्यांनी ताणून पाहत होते. किती माल निघाला बघा, असं बाकीच्यांना सांगत होते. ती त्यांचीच रुई होती.

मास्तर परतल्यावर काकांना एका शब्दाने बोलले नाहीत, याचा मला अजून राग आहे. मला मात्र त्यांनी फक्त श्वास सोडत बसायला सांगितलं. मी मोरीकडे पाठ करून रोज तेवढंच केलं. हळूहळू शिट्टी थांबली.

दिवाळीनंतर फाटकाशी मी खोकलो नाही. मुकादमाने आत घेतलं. काका शेजारीच होते. याची छाती मीच साफ केली, असं ते मुकादमाला सांगू लागले. माझ्यामागची सरकी वेचणारी बाई खोकत होती. मुकादमाने तिला अडवलं आणि आधी काकांकडून दोरी घालून घे म्हणाला. नोकरी जाईल ही भीती होती, तरी मी त्याच्यादेखत बोललो.

"मावशी, यायच्या हाती नाक देऊ नको. माह्यासंगं सकाळी बस, श्वास कसा सोडायचा ते सांगतो. मले त्यानंच बरं वाटलं."

तिने विचारलं, "त्यानं काही निघते का, भाऊ?"

"काहीच निघत नाही," मी म्हणालो.

तिचं तोंड उतरलं. पदरात खोकून घेत ती काकांच्या मागे गेली.