जागेवर कोणीही नव्हते

खंडू माझा मित्र होता, पण त्याच्याबद्दल गोडगोड लिहायची माझी इच्छा नाही. स्वतःबद्दलही नाही.

सत्त्याऐंशी साली तो लातूरहून आला आणि भाईंदरच्या खारी गावात भाड्याच्या खोलीत राहिला. मी भाईंदरमध्ये एक फुटकळ सायंदैनिक चालवायचो, तो तिथे बातम्या घेऊन यायचा. आधी औषध कंपनीचा जनसंपर्क अधिकारी, मग वरसाव्याच्या एका हॉटेलचा, मग एका खाजगी इस्पितळाचा. शेवटी एका बिल्डरने त्याला उचललं आणि पूनम सागर वसाहतीत राहायला ब्लॉकही दिला. मालक बदलत गेले, बगलेतली हिरवी फाइल मात्र तीच राहिली. काम नसलं की खंडू पुढच्या संकटांची निवेदनं लिहून ठेवायचा. औषधाने कुणी दगावलं तर, जेवणातून विषबाधा झाली तर, स्लॅब कोसळला तर. तारीख, वेळ, नाव तेवढं कोरं.

"माणूस मेल्यावर शब्द सुचत नाहीत रे," तो म्हणायचा. "आधी लिहिलेलं बरं." आम्ही हसायचो. चहा त्याच्या खिशातून असायचा, त्यामुळे जरा जास्तच हसायचो.

चौऱ्याण्णवची भीमजयंती. मिरवणुकीला उजेड हवा म्हणून खंडूने बिल्डरच्या साइटवरच्या सुपरवायझरला सांगून हॅलोजन नेण्याची परवानगी काढली. त्याचा मेहुणा लोकेश वायरमन होता. सकाळी तो एक दिवा घेऊन आला, पण अकराच्या सुमारास लावून बघताना तो उडाला. दीड वाजता साइटवरचा स्लॅब खाली आला.

सुपरवायझरचा फोन आला तेव्हा खंडू निळा फेटा बांधत होता. साइटवरचे बहुतेक कामगार त्याच्याच समाजाचे. जयंतीच्या दिवशी आपला माणूस कामावर जाईल? शक्यच नाही, असं तो धरूनच चालला. तो साइटवर गेलाच नाही. मेडिकलवाल्याच्या फोनवरून त्याने मला फाइलमधला मजकूर सांगितला, "सुट्टी असल्याने जागेवर कोणीही नव्हते." मी तो उतरवून घेतला. साइट दहा मिनिटांवर होती आणि माझ्याकडे स्कूटर होती. तेच वाक्य त्याने सुपरवायझरलाही सांगितलं, आणि सुपरवायझरने ते ऐकवून आगीचा बंब परत पाठवला.

सहा वाजता मिरवणूक निघाली. मी ताजा अंक घेऊन खंडूशेजारी उभा होतो. त्याची बायको वैजयंता गर्दीतून वाट काढत आली.

"अहो, लोकेश कुठं दिसंना. दुसरा दिवा आणायला तर गेला नसंल तिकडं?"

खंडूने माझ्या हातातला अंक घेतला आणि तिच्यापुढे धरला. "हे बघ, छापून आलंय. कोणी नव्हतं तिथे. असेल इथंच कुठंतरी नाचत."

तो खोटं बोलत नव्हता. आपलंच लिहिलेलं छापून आलं की त्याला ते खरं वाटायचं, हा त्याचा रोगच होता. वैजयंताने ती चार ओळींची बातमी दोनदा वाचली आणि ती बायकांमध्ये परत गेली.

सकाळी ढिगारा उपसताना लोकेश सापडला. दोन्ही पाय अडकलेले, बाकी अंगावर फारशी जखम नाही. शेजारी हॅलोजन. डॉक्टर म्हणाले, रात्रीपर्यंत जिवंत असावा.

तिसऱ्या दिवशी खंडू माझ्या ऑफिसात आला. दाढी वाढलेली, बगलेत फाइल. बिल्डरला नवं निवेदन हवं होतं, आणि तेही फाइलमध्ये तयारच होतं: 'मृत व्यक्ती परवानगीशिवाय आत शिरली होती.' नावाच्या कोऱ्या जागेत त्याने माझ्यासमोर लोकेशचं नाव लिहिलं.

"ब्लॉक जाईल रे," एवढंच तो बोलला.

मी त्याला आईबहिणीवरून शिव्या घातल्या. आणि छापलं. दर शनिवारी अर्धं पान जाहिरात त्याच बिल्डरची असायची.

संध्याकाळी वैजयंता आली. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात अंक. तो तिने टेबलावर ठेवला.

"परवानगी यांनीच काढली होती. माझ्यासमोर," ती म्हणाली. "आणि सहा वाजता मी विचारलं, तवा माझा भाऊ जित्ता होता. हे छापा."

मी ते छापलं नाही.