काश्यपगोत्री जॉन

आठव्या हेन्रीच्या अमदानीत इंग्लंडातल्या एका खेड्यात कोण कोणाचा मुलगा होता, याची जेवढी काळजी आमच्या श्रूजबरीतले शेजारचे काका करतात, तेवढी त्या मुलांच्या जन्मदात्यांनीही केली नसेल. काका मूळचे मिरजेचे. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले आणि मुलाकडे इथे मॅसॅच्युसेट्सला आले. इथे आलेली निवृत्त माणसं परसात टोमॅटो लावतात, नाहीतर मॉलमध्ये चालायला जातात. काकांनी सुनेचे पूर्वज शोधायला घेतले. सून एमिली, अमेरिकन. आपल्या वडिलांकडची माणसं केव्हातरी इंग्लंडातल्या सफकहून बोटीत बसून आली, एवढंच तिला ठाऊक होतं आणि तेवढ्यावर ती सुखात होती. काकांना मात्र चैन पडेना.

त्या खेड्यातल्या चर्चच्या जुन्या नोंदींचे फोटो इंटरनेटवर मिळतात. ते मोठे करून, वर पुन्हा भिंग धरून काका जेवणाच्या टेबलाशी बसलेले असत. अक्षर असं की मुंग्या शाईत बुडून कागदावरून गेल्यासारख्या. "यापेक्षा आपली मोडी परवडली," असं पुटपुटत त्यांनी ते अक्षरही साध्य केलं. हेन्रीबद्दल त्यांचं मत चांगलं होतं. "सहा बायका केल्या, त्याचं मला काही नाही. पण गावोगाव बारशांच्या आणि मयतांच्या नोंदी ठेवायला लावल्या त्याच्या राज्यात. काम चोख!" पॉटलकच्या जेवणांना आम्ही व्हिसा आणि मॉर्गेज यांवर बोलत असू, तर काका थालीपीठ मोडता मोडता सांगत, "त्या ॲग्नेसनं नवरा जाऊन पुरते तीन महिने झाले नाहीत, तोवर गिरणीवाल्याशी लग्न लावलं." माझ्या नवऱ्यानं एकदा भाबडेपणानं "आपल्या महाराष्ट्र मंडळात होत्या का त्या?" असं विचारलं. काकांनी त्याच्या ताटात आणखी एक थालीपीठ वाढलं आणि ॲग्नेसची बाजू समजावून सांगितली. तिच्या पदरात लहान मुलं होती म्हणे.

अशा रीतीनं बाप, आजा, पणजा करत काका एका जॉनपाशी पोचले आणि तिथे गाडी अडली. त्याच गावात, त्याच वर्षी, त्याच आडनावाच्या दोन जॉनचा बाप्तिस्मा झालेला. एकाचा बाप टॉमस, चांगला जमीनजुमलावाला, घराण्याला ढालीचं मानचिन्ह वगैरे. दुसऱ्याचा बाप विल्यम, मेंढपाळ, त्याच्यामागे सगळा अंधार. आपला जॉन यातला कुठला, हे सांगणारा पुरावा कुठेच मिळेना. एमिलीच्या ओहायोतल्या चुलतभावानं तर केव्हाच टॉमसला आपला मानून ते मानचिन्ह कॉफीच्या मगांवर छापून घेतलं होतं. तसला एक मग काकांना भेटही आला. त्यांनी त्यात कढीपत्त्याचं रोप लावलं.

एमिलीला काकांची दया यायची. एका रविवारी मी तिथेच चहा घेत बसले होते, तेव्हा ती लाडानं म्हणाली, "बाबा, just pick one! Nobody will ever know."

काका कधी आवाज चढवत नसत. त्या दिवशी चढला. "No, no, एमिली! माझं असंच pick केलं होतं कुणीतरी!"

मग भिंग पुसत त्यांनी आम्हांला पहिल्यांदाच सांगितलं. कुणीतरी त्यांना तान्हं असताना अनाथाश्रमाच्या ओट्यावर ठेवून गेलं होतं. शाळेत घालताना बापाचं नाव लागतं, म्हणून आश्रमातल्या सगळ्या पोरांना व्यवस्थापकांचंच नाव लावलं गेलं. "इतक्या पोरांचा बाप, आणि माणूस जन्माचा ब्रह्मचारी!" असं म्हणून काका हसले. आम्हांला हसू आलं नाही. एमिलीसाठी मी जमेल तसं इंग्रजीत सांगत होते.

त्याच वर्षी सर्वपित्री अमावास्येला काकांनी आम्हांला जेवायला बोलावलं. आयसेलिन गावचे गुरुजी व्हिडिओ कॉलवर होते. तर्पण सुरू होण्याआधी आप्तांची नावं सांगताना काका म्हणाले, "गुरुजी, सुनेकडचे टॉमस आणि विल्यम. दोघांनाही द्या. खरा कोण ते ठरलेलं नाही, उपाशी कुणी राहायला नको."

गुरुजींनी विचारलं, "गोत्र?"

"काश्यप. ज्याला गोत्र माहीत नाही, त्याचं काश्यप, असं तुम्हा गुरुजी लोकांनीच मला सांगितलं होतं. माझंही तेच चालवतोय जन्मभर." सफकचा जमीनदार आणि सफकचा मेंढपाळ असे दोघेही काकांचे सगोत्र झाले. एमिली गालातल्या गालात हसली.

"आता तुमचे वडील," गुरुजी म्हणाले आणि दरवर्षीच्या सवयीनं व्यवस्थापकांचं नाव उच्चारू लागले.

"थांबा," काका म्हणाले. "त्यांना आश्रमाचे गुरू म्हणून द्या, त्यांचे उपकार आहेत. वडिलांचं नाव माहीत नाही. या वेळी ती जागा रिकामी ठेवता येईल का?"

गुरुजी तरुण होते. त्यांनी चष्मा काढला. "काका, नाव नको. नुसतं 'माझे वडील' म्हणा आणि पाणी सोडा."

काकांनी ओंजळीत तीळ घेतले. एमिलीनं तांब्या उचलून त्यावर पाणी घातलं. पंचाहत्तरीच्या त्या माणसानं हे दोन शब्द कुणाला उद्देशून कधी उच्चारलेच नव्हते. "माझे..." एवढं म्हणून ते थांबले. पाणी बोटांमधून गळून गेलं. एमिलीनं पुन्हा घातलं. तेही गळून गेलं. शेवटी "वडील" हा शब्द आला तो इतका हलका की पलीकडे गुरुजींना ऐकू गेला नसावा. त्यांनी पुन्हा म्हणायला सांगितलं, आणि काकांनी तो शब्द पुन्हा म्हटला, आणि मग कुणी सांगितलेलं नसतानाही म्हणतच राहिले.