मेडनहेडला काठ्यांचं माप द्यायला

गोल्फच्या काठ्या अंगाच्या मापाने बनवून घेतात, हे मला साठी उलटल्यावर कळलं. ब्लाउजसारखंच. त्याला इथे 'फिटिंग' म्हणतात, आणि माझ्या पहिल्या फिटिंगसाठी मार्चमधल्या एका गुरुवारी सकाळी मी लंडनमधल्या ईलिंगहून मेडनहेडला निघाले.

ही कल्पना माझी नव्हती. माझी लेक मुक्ता आणि जावई टॉम केंब्रिजला असतात; टॉमचे आईवडील, हेलन आणि ग्रॅहम, मेडनहेडला. हेलनशी माझं छान जमतं. ग्रॅहमशी मात्र इतक्या वर्षांत हवामान आणि रस्त्यांवरची कामं यापलीकडे बोलणं गेलं नव्हतं. गेल्या दिवाळीत आमच्याकडे जेवताना त्यांनी अचानक विचारलं, "तुम्ही गोल्फ शिकाल का?" टेबलाभोवतीचे सगळे माझ्याकडे बघू लागले. मी हॉस्पिटलमधल्या डॉक्टरकीतून नुकतीच रिटायर झाले होते आणि तोंडात करंजी होती. मी मान हलवली. ती होकारार्थी धरली गेली.

हिवाळाभर मी हेलनच्या जुन्या काठ्यांवर शिकले. त्यांनी त्या अगदी आनंदाने दिल्या. परत आणू नका, एवढीच अट घातली. पण हेलन चांगल्या उंच आहेत. त्यांच्या काठीने मी चेंडू मारायला गेले की काठीचं वरचं टोक माझ्या पोटात. शिकवणाऱ्या बाईंनी काही दिवस पाहिलं आणि म्हणाल्या, "फिटिंग करून घ्या. तुमची नाही, काठ्यांची चूक आहे." पुढे थोडं थांबून, "थोडी."

तयारीच्या सूचना मुक्ताने फोनवरून दिल्या.

"आई, तुझा शूज घेतली का? खेळतेस तीच घाल. आणि जाड कोट नको, हात फिरणार नाही."

"बरं."

"आणि शो ऑफ नको करू. तुझी नेहमीचा स्विंग दाखव, चांगला नको."

"नेहमीचा वाईट आहे गं."

"मग तोच. त्याच्यासाठीच बनवणार आहेत ना."

मुक्ताचं लिंग-वचन ईलिंगच्या शाळेत हरवलं, पण मुद्दा सहसा बरोबर असतो. मी नखं कापली. हात दुखू नयेत म्हणून आदल्या दिवशी सराव केला नाही. मनगटापासून जमिनीपर्यंतचं अंतर विचारतात असं ऐकलं होतं, म्हणून माझ्या नवऱ्याने, सुधीरने, स्वयंपाकघरात टेप लावून मोजलं. तो सिव्हिल इंजिनियर. दोनदा मोजलं आणि दोन उत्तरं आली. मग लक्षात आलं, मध्येच मी स्लिपर घातल्या होत्या.

ट्रेनमध्ये मी काठ्यांची बॅग दाराजवळ उभी केली. स्लाऊ आल्यावर गाडीने ब्रेक मारला, बॅग आडवी झाली आणि काठ्या डब्यात सगळीकडे पसरल्या. लोकांनी आपापल्या पायाशी आलेली काठी उचलली आणि हातोहात माझ्याकडे पोहोचवली. एकाने विचारलं, "चांगल्या खेळता का?" मी म्हटलं, "नाही." त्याने सहानुभूतीने मान डोलावली आणि तो पुन्हा फोनमध्ये शिरला.

मेडनहेडच्या अलीकडे गाडी थेम्स ओलांडते. विटांच्या रुंद कमानींवरून क्षणभर खाली पाणी दिसतं. त्या दिवशी नदी फुगलेली होती आणि काठावरच्या झाडांना जेमतेम पालवी आली होती.

ग्रॅहम स्टेशनवर आले होते. त्यांनी माझी बॅग उजव्या खांद्यावर घेतली आणि कार पार्कमधून पुढे चालू लागले. मी मागून चालत होते. त्यांचा डावा हात हलत नव्हता. चालताना माणसाचे हात आपोआप झुलतात. त्यांचा डावा हात अंगाला चिकटून होता आणि अंगठा तर्जनीवर हळूहळू घासत होता. मी सगळी नोकरी म्हाताऱ्या माणसांच्या वॉर्डात केली. अशा गोष्टी बघायच्या नाहीत असं ठरवलं तरी दिसतात.

गाडीत आम्ही हवामानावर बोललो.

फिटिंगची जागा गावाबाहेर एका रेंजवर (चेंडू मारण्याचा सराव करायचं मैदान) होती. वेळ होता म्हणून कॅफेत बसलो. ग्रॅहमनी बेकन रोल मागवला; मी घरून तिखटमिठाच्या पुऱ्या नेल्या होत्या. रोल यायच्या आत त्यांनी निम्मा डबा संपवला. डावा हात पूर्ण वेळ खिशात होता. त्यांना माहीत आहे का? हेलनना? टॉमला? मी विचारावं का? मी आता डॉक्टर नाही, त्यांची तर कधीच नव्हते. मी फक्त विहीणबाई, तीही गोल्फ न येणारी. मी त्यांना अजून एक पुरी दिली.

फिटिंग करणारी रिबेका मुक्ताच्या वयाची होती. तिने आम्हा दोघांना समोर बसवलं, कारण ग्रॅहमही आपल्या काठ्यांच्या मुठी बदलून घेणार होते.

"काही दुखणी, ऑपरेशनं? मला माहीत असायला हवं असं काही?"

"उजवा गुडघा," मी म्हटलं.

"पार्किन्सन्स," ग्रॅहम म्हणाले. "डावी बाजू."

माझ्या गुडघ्याइतक्याच सहज. रिबेकाने मान हलवली. "मग जाड मुठी लावून बघू. पकड घट्ट ठेवावी लागत नाही."

ग्रॅहम माझ्याकडे वळले. "तुम्हाला कळलं होतं."

"कार पार्कमध्ये."

"दिवाळीला मी हात टेबलाखाली ठेवला होता."

"मी करंजी खात होते," मी म्हटलं.

मग माझी पाळी. पडद्यासमोर हिरवळीसारखा गालिचा, बाजूला चेंडूचा वेग सांगणारं मशीन. मी मुक्ताचं ऐकलं आणि नेहमीसारखा फटका मारला. मशीनने काहीच दाखवलं नाही. चेंडू जागेवरच होता.

"हाच नेहमीचा?" रिबेकाने विचारलं.

"बहुतेक वेळा."

मागून विचित्र आवाज आला. ग्रॅहम हसत होते. मी त्यांना हसताना प्रथमच ऐकलं. डोळे पुसायला त्यांनी खिशातून हात काढला. तो थरथरत होता आणि त्यांनी तो पुन्हा आत घातला नाही.

रिबेकाने दांडे बदलले, आखूड केले, हलके केले. हळूहळू चेंडू पडद्यावर आपटू लागला. एकदा बऱ्यापैकी सरळ गेला. ग्रॅहमनी जाड मुठीची काठी धरून पाहिली, फिरवली, आणि बराच वेळ हातातच ठेवली.

परतताना त्यांनी गाडी स्टेशनसमोर थांबवली, पण इंजिन बंद केलं.

"हेलनला माहीत आहे. मुलांना रविवारी सांगणार आहे, केंब्रिजला जाऊन."

"आणि तुमचे गोल्फचे मित्र?"

"त्यांच्याबरोबर खेळणं सोडलं मी. ते काही बोलत नाहीत. नुसते माझ्या फटक्याआधी इकडेतिकडे बघतात." मग समोरच्या काचेकडे बघत म्हणाले, "मला असं कोणीतरी हवं होतं, ज्याने माझा जुना खेळ पाहिलेला नाही."

म्हणजे दिवाळीतला तो प्रश्न असा होता.

"रविवारी तुम्ही आणि सुधीर याल का?"

"डॉक्टर म्हणून?"

"नको. ते खूप झालेत. घरचे म्हणून." गाडीतून बॅग काढून देताना त्यांनी आणखी एक सांगितलं. "खेळताना माझ्या हाताकडे बघू नका. चेंडूकडे बघा. तो कुठे पडतो ते हल्ली मला लांबून दिसत नाही."

घरी आले तेव्हा सुधीर भाजी चिरत होता. मी सगळं सांगितलं. त्याने सुरी खाली ठेवली, हात पुसले आणि कॅलेंडरवर रविवारपुढे खूण केली.

"काठ्या कधी येणार?"

"काही आठवडे लागतील."

"आणि तोवर?"

तोवर दर गुरुवारी ग्रॅहमबरोबर, हेलनच्या काठ्यांनी. हा आजार झालेली माणसं आजवर मी टेबलापलीकडे बसवून पाहिली. त्यांच्या शेजारी गवतात उभं राहून चेंडू कुठे पडला ते सांगायचं काम माझ्याकडे पहिल्यांदाच आलंय. माझा स्वतःचा चेंडू फारसा कुठे जात नाही, त्यामुळे मला वेळ भरपूर आहे.