पातेली एका देशात, झाकणं दुसऱ्यात

दूध वर यायला आणि दार वाजायला आमच्याकडे एकच मुहूर्त असतो. गॅस बंद करून दार उघडलं, तर खालच्या मजल्यावरच्या पेटीमावशी कमरेवर रिकामं पातेलं घेऊन उभ्या.

"काय हवंय मावशी, दूध?"

"दूध नको गं. जास्तीची झाकणं आहेत का? या पातेल्यावर बसतील अशी."

पेटीमावशींनी उभा जन्म कपबश्यांच्या कारखान्यात पेट्या भरण्यात घालवला. "पेटीत रिकामी जागा म्हणजे फुकटचं भाडं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. घरीसुद्धा बुटांत मोजे, किटलीत चमचे, मोठ्या डब्यात कांदे. निवृत्त झाल्यावर त्या मदतीच्या गोदामात जायला लागल्या. समुद्रापलीकडे कुठे पूर आला, भूकंप झाला, की लोकांनी दिलेलं सामान इथून पेट्यांत भरून बोटीनं जातं.

"म्हणजे झाकणं गोदामासाठी? पण तिथे पातेली नवीकोरी आली होती ना? त्यांची झाकणं कुठे गेली?" मला राहवेना.

मावशी स्टुलावर टेकल्या. "माझ्या शहाणपणात गेली. पातेल्यात पातेलं बसवलं की पेटीत दुप्पट मावतात. झाकणं मध्ये कडमडतात, म्हणून ती वेगळ्या पेट्यांत भरली. बोटीत पातेली चढली, जागा संपली, आणि झाकणं चढली पुढच्या बोटीत. ती गेली भलत्याच देशाला."

ह्यांनी पेपर खाली केला. "म्हणजे एकीकडे नुसती पातेली, दुसरीकडे नुसती झाकणं? मावशी, आता दोन्ही देशांची सोयरीकच जुळवा!"

"हसा, हसा. तिकडे पूर ओसरलाय आणि बायका ओल्या लाकडांवर रांधतायत. उघड्या भांड्यात लाकडं संपतात, पण अन्न शिजत नाही. आज संध्याकाळी पेट्या बंद होणार. मग थेट दोन महिन्यांनी बोट."

मी माळ्यावरचा डबा काढला. प्रत्येक घरात असतो तसा; पातेली कधीच मोडीत गेलेली, झाकणं मात्र जपलेली. मावशी एकेक झाकण ठेवून बघू लागल्या. पहिलं आत पडलं. दुसरं नाचलं. तिसरं टप्पकन बसलं.

"ते नको," सासूबाई आतून आल्या. "रोजच्या वापरातलं आहे. मी काय झाकू?"

"ताटली ठेवा ना, ताई."

"मग त्यांनीही ताटली ठेवावी!"

"ताटल्यांची पेटी झाकणांच्याच बोटीत गेली हो!"

सासूबाईंनी कपाळावर हात मारला. "धन्य आहे बाई तुझी," म्हणाल्या, आणि पदरानं पुसून झाकण दिलं.

मग मला घरात करमेना. मावशींबरोबर मीही जिने चढले. कुणी झाकणाच्या जागी काचेचा वाडगा पुढे केला, कुणी कुकरचं झाकण. शिंप्याच्या बायकोनं विचारलं, "मूठ तुटलीय, चालेल?" मावशींनी तिथेच भोकात सुतळी ओवून गाठ मारली. "चालेल. मूठ नसली तरी वाफ आतच राहते." ज्या घरी झाकण मिळालं नाही, तिथूनही झाकण मिळेल अशा दुसऱ्या घराचा पत्ता मिळाला. दुपारपर्यंत आमच्या दोन पिशव्या खडखडत होत्या.

गोदामात मावशींनी पेटी भरायला घेतली तेव्हा मी बघतच राहिले. झाकणांवर झाकणं रचून झाल्यावर वर चांगली वीतभर जागा उरली. मावशींचा हात सवयीनं मोज्यांच्या गठ्ठ्याकडे गेला आणि मागे आला. त्यांनी जुन्या कागदाचे बोळे कोंबले, पेटी बंद केली आणि वर मोठ्या अक्षरांत त्या गावाचं नाव लिहिलं. मग गोदामाच्या साहेबांना दोनदा वाचायला लावलं.

"चढेल हो मावशी, मी स्वतः उभा राहतो," साहेब म्हणाले. तिकडे वाटप करायला इथल्याच एक नर्सबाई गेल्या होत्या. साहेबांनी त्यांना फोन लावला आणि मावशींच्या हातात दिला. "सांगा, झाकणं निघाली म्हणून."

ते सांगून झालं. मावशी भिंतीवरच्या, आधीच्या वाटपांच्या फोटोंकडे बघत होत्या. सगळ्या फोटोंत माणसं पेटी हातात धरून हसत होती.

"नर्सबाई, एक काम कराल?" मावशी म्हणाल्या. "या खेपेला पेटी घेतानाचा फोटो नको. पातेलं चुलीवर असतानाचा पाठवा. झाकण बसतंय का, तेवढं मला बघायचंय."