पत्रिकेचं पॅकिंग

माझं लग्न मोडलं तेव्हा पत्रिका छापून घरी आल्या होत्या. मोडलं म्हणजे मी मोडलं. हे आधीच सांगून टाकते, कारण गावात पुढे बरीच वर्षं ते मुलाकडच्यांनी मोडलं असं सांगायची पद्धत होती. त्यात बाबांची अब्रू कशी काय जास्त राहत होती ते मला अजून कळलेलं नाही.

कारण सांगितलं की लोक हसतात. आमची भाताची शेती खाडीच्या अंगाला, खाजणात. भरतीच्या वेळी वाटेवर पाणी यायचं, म्हणून बाबांनी लष्कराच्या लिलावातली एक जुनी जीप घेतली होती, चारही चाकं ओढणारी. ती मी चालवायचे. शिकवली बाबांनीच. त्यांना स्वतःला ती धड येत नव्हती, पण शिकवणाऱ्याला कुणी चालवून दाखव म्हणत नाही.

साखरपुड्यानंतर विरारहून मुलाकडची मंडळी लग्नाच्या तयारीचं बोलायला आली, तेव्हा मी पेंढा भरलेली जीप अंगणात लावत होते. चहा घेताना मुलाचे काका म्हणाले, आमच्याकडच्या बायका गाडी चालवत नाहीत, लग्नानंतर हे बंद करावं लागेल. मी मुलाकडे पाहिलं. तो चिवड्यातले शेंगदाणे निवडत होता. त्याने एकदा मान वर केली असती तर मी कदाचित आज विरारला असते. मंडळी गेल्यावर मी बाबांना सांगितलं की मला हे लग्न करायचं नाही.

त्या दिवसापासून बाबा माझ्याशी बोलेनासे झाले. आरडाओरडा केला असता तर परवडला असता. तिघं एका खोलीत जेवायला बसलेले असायचो आणि ते आईला म्हणायचे, "तिला सांग, मीठ दे." आई सांगायची तसदीही घेत नसे, मी मीठ सरकवायचे. पत्रिकांचा गठ्ठा मात्र त्यांनी माळ्यावर ठेवला. वर गणपती आणि कुलदैवत छापलेलं, फेकायच्या कशा, असं ते आईला म्हणाले. ते खरंच होतं. पण विरारकडून पुन्हा निरोप येईल ही आशाही त्या गठ्ठ्यात बांधलेली होती, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. मला त्या गठ्ठ्याचा राग यायचा. त्याहून जास्त राग बाबांच्या गप्प बसण्याचा यायचा, आणि रात्री त्याचंच वाईट वाटायचं.

बोलणं बंद म्हटल्यावर "जीप काढ" असं मला सांगणंही बंद झालं. त्या हिवाळ्यात बाबा स्वतः चालवू लागले. एकदा भरतीची वेळ चुकली आणि त्यांनी तापलेली गाडी तशीच पाण्यात घातली. मागच्या आसाच्या मधोमध जो लोखंडी गोळा असतो, डिफरन्शियल, तो तापलेला असताना गार पाण्यात बुडाला की आत पाणी ओढून घेतो. हे त्यांनीच मला शिकवलं होतं. मी काही बोलले नाही. बोलायची सोय तरी कुठे होती?

उन्हाळ्यात गोळा कण्हायला लागला. वसईचा मेकॅनिक लग्नसराईतल्या गाड्यांमध्ये अडकलेला, पेरणी जवळ आलेली, म्हणून बाबांनी काम घरीच काढलं. जीप मागून उचलून लोखंडी घोड्यांवर टेकवली, खाली घमेलं सरकवलं आणि आईला हाक मारली, कारण गोळ्याचं झाकण धरायला दुसरं माणूस लागतं. आई ओट्यावर तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "मी जीपखाली येनार नाय. जिला येतंय तिला बोलवा."

त्यांनी बोलावलं नाही. मीच जाऊन त्यांच्या शेजारी पाठीवर पडले.

खालचे बोल्ट सैल केल्यावर झाकणाच्या फटीतून ऑईल आलं ते चहासारखं, दुधाळ. खाडी अजून आत होती. कुजक्या अंड्यासारखा वास सुटला. तो पुढे कितीतरी दिवस माझ्या केसांतून गेला नाही. बाबा काही मागायचं असलं की पान्याने आसावर टकटक करायचे. एकदा वाजवलं की पक्कड, दोनदा वाजवलं की फडकं, असं मी आपलं समजून घेतलं. चुकीचं दिलं तर पुन्हा टकटक. दोन माणसं एका गाडीखाली खांद्याला खांदा लावून पडलीत आणि सुतारपक्ष्यासारखी बोलतायत, हे ओट्यावरून आई बघत होती.

आतला गिअर रॉकेलने धुतला. झाकणाची कड ब्लेडने खरवडली. झाकण आणि गोळ्याच्या मधे ऑईल गळू नये म्हणून जे कागदी पॅकिंग असतं, त्याचा भुगाच झाला होता आणि त्या मॉडेलचं पॅकिंग वसईत मिळेना. दुकानदाराने एक ट्यूब दिली, ही लावा, काही गळत नाही म्हणाला. लावली, सुकू दिली, ऑईल भरलं, खाली वर्तमानपत्र पसरलं. सकाळी कागदावर ऑईलचं तळं. खारट पाण्याने झाकणाच्या कडेला खड्डे पडले होते. नुसत्या ट्यूबने ते भरेनात. मधे कागद हवाच होता, जाड आणि सलग.

पुन्हा सगळं उतरवलं. बाबांनी वह्यांचे पुठ्ठे बघितले, ते पातळ. चपलांचा खोका बघितला, तो भुसभुशीत. मग ते पायरीवर बसले आणि घरात माळ्याच्या दिशेने बघत राहिले. मी त्यांना बघताना बघितलं. बऱ्याच वेळाने ते कुणालाच उद्देशून नाही अशा आवाजात म्हणाले,

"जाड कागद हाय घरात."

मी गठ्ठा खाली काढला. आमच्या पत्रिका ऐसपैस होत्या, उघडली की ताटाएवढी. बाबांनी हौसेने तसा कागद निवडला होता. त्यांनी कात्रीने वरचा गणपती-कुलदैवताचा भाग सरळ कापून आईच्या हातात दिला. आईने तो देव्हाऱ्यात ठेवला. उरलेला कागद बाबांनी झाकणावर पसरला आणि कडेकडेने हातोडीने हलके ठोकायला लागले. असं ठोकलं की लोखंडाची धारच कागद कापते. बोल्टांची भोकं पडली, बाहेरची कड सुटली, मग आतली. हातात गोल कडं आलं आणि मधला तुकडा खाली पडला. त्यावर माझं आणि त्या मुलाचं नाव होतं.

बाबांनी तो तुकडा उचलला. मला वाटलं वाचतायत. त्यांनी तो जमिनीवर ठेवला आणि बोल्ट मातीत हरवू नयेत म्हणून त्यावर मांडून ठेवले.

कड्याला दोन्हीकडून त्याच ट्यूबचा लेप लावून झाकण बसवलं. मी धरलं, त्यांनी बोल्ट हाताने फिरवले. मग पाना माझ्या हातात देत ते म्हणाले,

"समोरासमोरचे आवळ. एकाच बाजूनं आवळत गेलीस तर दुसरीकडनं गळंल."

मी आई कुठे आहे ते बघितलं. आई आत होती. म्हणजे हे मलाच होतं. त्यात काही खोल अर्थ नव्हता, बोल्ट तसेच आवळायचे असतात. पण पाना माझ्या हातातून दोनदा निसटला.  बाबांनी टकटक केली नाही.

सकाळी मी उठण्याआधीच ते जीपखाली वाकले होते. वर्तमानपत्र कोरडं होतं. "नाय गळलं," ते मला म्हणाले, आणि किल्ली पुढे केली. मी चालवली, ते शेजारी बसले. पाण्याच्या अलीकडे मी थांबले, गोळा गार होऊ दिला. त्या वेळात ते खाडीकडे बघत होते आणि मीही. एकमेकांना सांगण्यासारखं फारसं काही नव्हतं, आणि आता त्याचं मला काही वाटत नव्हतं.

पत्रिकेच्या पॅकिंगची कीर्ती पसरली. आधी शेजाऱ्याच्या पंपाला एक गेली, मग भाताच्या गिरणीच्या इंजिनाला. आई म्हणायची, वरातीमागून घोडं कसलं, हे तर वरातीमागून आमंत्रण. एक दिवस नंदाखाल गावचे एक केळीवाले पंपासाठी कागद मागायला आले. बाबांनी वरचे देव कापून एक पत्रिका दिली. ती वाचून ते गृहस्थ अवघडले. अहो काका, ही तर मुलीच्या लग्नाची दिसते, मोडलं ना ते त्या लोकांनी, असं काहीसं पुटपुटले. मी दारात उभी होते.

"त्यांनी नाय," बाबा म्हणाले, "माझ्या पोरीनं मोडलं. न्या तुम्ही. कागद चांगला हाय."